डॉक्टर फॅनन आणि वॉर्डातली माणसे

फ्रांत्झ फॅनन हे नाव दलित साहित्याच्या चर्चेला नवे नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हापासून आपण अमेरिकेतील काळ्या माणसांच्या लढ्याशी नाते सांगत आलो आणि त्या नात्याच्या ओघात फॅननही आपल्याकडे आला. परंतु आपल्याकडे आलेला फॅनन अर्धाच आहे. वसाहतवादाने माणसाच्या मनात पेरलेला न्यूनगंड उघडा करणारा, हिंसेची मीमांसा करणारा, क्रांतीचा भाष्यकार असा हा फॅनन. हाच माणूस नोकरीने मनोविकारतज्ज्ञ होता. एका मोठ्या सरकारी मनोरुग्णालयातील वॉर्डांचा तो प्रमुख होता. रुग्ण तपासणे आणि हाताखालच्या परिचारकांचे काम पाहणे हा त्याचा रोजचा उद्योग होता. ही गोष्ट मात्र आपण चरित्राच्या चार ओळींत टाकून मोकळे झालो. त्याचे वैद्यकीय लेखन २०१५ साली फ्रेंचमध्ये आणि २०१८ साली इंग्रजीत एकत्र प्रसिद्ध झाले आहे. तेव्हा आता ते न वाचण्याला सबब उरलेली नाही.

हे लेखन आपण वाचावे असे मला का वाटते? मानसिक आरोग्याची सेवा रुग्णालयाच्या भिंतींबाहेर, गावात आणि वस्तीत न्यावी ही भाषा आज आपल्याकडे सर्वत्र चालते. १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम, १९९६ पासूनचा जिल्हा कार्यक्रम, २०१७ चा कायदा, या सगळ्यांचा रोख तोच आहे. पण ही सेवा वस्तीत येते तेव्हा ती एकट्या डॉक्टरच्या पायांनी येत नाही. परिचारिका, समाजसेवक, समुपदेशक, आशाताई, आया यांच्या पायांनी येते. या माणसांच्या डोक्यावर एक तज्ज्ञ असतो. तो स्वतः रुग्ण तपासतो आणि या सगळ्यांवर देखरेखही करतो. उपचार आणि देखरेख ही दोन कामे एका माणसाच्या हाती आली म्हणजे काय घडते, हा प्रश्न वरवर पाहता कारभाराचा आहे. माझ्या मते तो कारभाराचा नाही. कोणाचे ज्ञान ज्ञान म्हणून मोजायचे, असा तो प्रश्न आहे. आणि म्हणून तो आपला आहे.

देखरेख हा शब्द आपल्या माणसांना पुस्तकातून कळलेला नाही. तो मुकादमाच्या रूपाने कळला आहे. ऊसतोडीचा मुकादम असो की सफाई खात्याचा, मुकादम झाला की कोयता किंवा झाडू हातातून सुटतो. ज्याच्या हातातून काम सुटले तो वरचा आणि ज्याच्या हातात ते राहिले तो खालचा, हा आपल्या समाजव्यवस्थेचा जुना नियम आहे. जातीने केवळ कामे वाटली नाहीत, तर काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडून एकावर एक रचली, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. या रचनेत हाताने केलेल्या कामातून ज्ञान निर्माण होते ही कल्पनाच बसत नाही. वर चढणे म्हणजे कामापासून दूर जाणे. दवाखाना या नियमाला अपवाद असेल असे समजण्याचे कारण नाही.

२

फॅननचा जन्म १९२५ साली मार्टिनिक या फ्रेंच वसाहतीत झाला. वैद्यकीचे शिक्षण त्याने फ्रान्समध्ये लिआँला घेतले आणि नंतर सेंत-आल्बां येथील रुग्णालयात फ्रांस्वा तोस्केल यांच्या हाताखाली काम केले. तोस्केल हे फ्रँकोच्या स्पेनमधून परागंदा झालेले कातालान डॉक्टर. त्यांची धारणा अशी होती की रुग्णालय स्वतःच आजारी असेल तर त्यात रुग्ण बरा होणार नाही. म्हणून आधी रुग्णालयावर उपचार केला पाहिजे. डॉक्टर, परिचारक, जोगिणी, रुग्ण, आसपासचे शेतकरी यांच्यातील उतरंड मोडायची. सभा, वर्तमानपत्र, नाटक, कामाच्या खोल्या यांतून रुग्णालयाचा एक समाज घडवायचा. या पद्धतीला सामाजिक उपचार असे म्हणता येईल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्सच्या मनोरुग्णालयांत सुमारे ४०,००० रुग्ण उपासमारीने आणि हेळसांडीने मेले. या पार्श्वभूमीवर ही धारणा तयार झाली हे ध्यानात घेतले पाहिजे.

ही विद्या घेऊन फॅनन नोव्हेंबर १९५३ मध्ये अल्जिअर्सजवळील ब्लिदा-ज्वाँव्हिल मनोरुग्णालयात रुजू झाला. त्या काळी अल्जेरियातील मनोविकारशास्त्रावर अंत्वान पोरो यांच्या पंथाचा पगडा होता. उत्तर आफ्रिकेतला मुसलमान जन्मतःच आवेगी, खोटारडा, गुन्ह्याकडे झुकणारा आणि बुद्धीने अपुरा असतो, असे हा पंथ शास्त्राच्या नावाने शिकवीत असे. गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली पिढ्यान्‌पिढ्या भरडल्या गेलेल्या समाजाला हे शास्त्र निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

फॅननकडे युरोपीय स्त्रियांचा एक आणि मुसलमान पुरुषांचा एक असे वॉर्ड आले. पहिल्यात सुमारे १६५ आणि दुसऱ्यात सुमारे २२० रुग्ण होते. सभा, सणसमारंभ, चित्रपट, विणकाम, रुग्णांचे वर्तमानपत्र, हे सारे त्याने दोन्हीकडे सुरू केले. युरोपीय स्त्रियांच्या वॉर्डात काही महिन्यांत वातावरण पालटले. मुसलमान पुरुषांच्या वॉर्डात काहीच झाले नाही. सभेत कोणी बोलेना. वर्तमानपत्र बहुतेकांना वाचताच येत नव्हते. टोपल्या विणायला पुरुष बसेनात. जुने कर्मचारी आधीच साशंक होते. आता त्यांचा संशय पक्का झाला. पोरो पंथाच्या हाती यातून आयताच पुरावा मिळाला असता.

फॅननने तो पुरावा उलटा वाचला. १९५४ साली त्याने आपला तरुण सहकारी जाक अझुले याच्यासह एक लेख प्रसिद्ध केला. मुसलमान पुरुषांच्या वॉर्डातील सामाजिक उपचार आणि त्यातील पद्धतीच्या अडचणी हा त्याचा विषय. लेखाचा निष्कर्ष असा की रुग्ण चुकले नाहीत, डॉक्टर चुकले. युरोपीय समाजासाठी घडवलेली पद्धत त्यांनी जशीच्या तशी दुसऱ्या समाजावर लादली आणि बदलण्याची सारी जबाबदारी त्या समाजावर टाकली. अल्जेरियन पुरुष कोठे बसतो, कोणाशी बोलतो, कोणते काम पुरुषाचे मानतो, त्याचा सण कोणता, यांतले काहीही त्यांनी विचारले नव्हते. विणकाम नाकारणारे हेच पुरुष हातात कुदळ-फावडे दिल्यावर जमीन खणू लागले. पुढे वॉर्डात त्यांच्या धर्तीचे कॉफीगृह उघडले गेले, मुसलमानी सण साजरे होऊ लागले, गोष्टी सांगणारा कथेकरी येऊ लागला.

३

या लेखाचे मोल मला दोन कारणांनी वाटते. पहिले कारण असे की चूक करणारा इथे कोणी गोरा जुलमी अधिकारी नाही. चूक करणारा स्वतः वसाहतीत जन्मलेला काळा माणूस आहे. फॅनन ब्लिदाला येण्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९५२ साली, त्याचे ‘ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स’ प्रसिद्ध झाले होते. काळ्या माणसाच्या तोंडावर चढलेला गोरा मुखवटा त्याने त्या पुस्तकात नेमका ओळखला. पण वॉर्डप्रमुखाच्या खुर्चीत बसल्यावर तोच मुखवटा त्याच्याही पद्धतीवर चढला होता. आपल्या घरात पदवी घेणारे आपण पहिले आहोत, त्यांनी हे विशेष लक्षपूर्वक वाचले पाहिजे. प्रस्थापितांच्या विद्यापीठात शिकून आपण परत आपल्या माणसांत येतो तेव्हा आपल्या हातातली पद्धत कोणाची असते? मी वर्गात शिकवतो तेव्हा मला हा प्रश्न छळतो. पाठच्या बाकावरचा मुलगा गप्प बसला की मी त्याला ‘निरुत्साही’ म्हणतो. सभेत न बोलणाऱ्या रुग्णांना ब्लिदात हेच म्हणता आले असते.

दुसरे कारण देखरेखीशी निगडित आहे. फॅननला अरबी येत नव्हती, कबाइलही येत नव्हती. रुग्णाशी बोलायला त्याला परिचारकाचा दुभाषा म्हणून आधार घ्यावा लागे. दुभाषा मध्ये आला की सारे बोलणे कसे बिघडते याची चर्चा लेखात आहे. कारण सामान्य अल्जेरियन माणसाला दुभाषा पूर्वी भेटलेला असे तो कचेरीत किंवा कोर्टात. म्हणजे ज्या खोलीत उपचार चालला होता तिथे सरकारी कचेरीच बसलेली होती! पण याच स्थितीची दुसरी बाजू पाहा. रुग्णाचे म्हणणे ज्याला थेट कळत होते तो परिचारक पदाने खालचा होता. ज्याला कळत नव्हते तो वरचा होता आणि कळणाऱ्याच्या कामाचे मूल्यमापन तोच करीत होता. फॅनन जर केवळ देखरेख करणारा असता, तर वॉर्ड फसल्याचा दोष त्याने निमूटपणे परिचारकांच्या आळशीपणावर टाकला असता. तो केवळ चिकित्सक असता, तर रुग्णांच्या स्वभावावर टाकला असता. दोन्ही कामे त्याच्याकडे होती आणि दोन्हींतले अपयश त्याचे स्वतःचे होते. म्हणून त्याला खाली पाहणे भाग पडले. उपचार करणाऱ्यानेच देखरेख करावी या म्हणण्यातले सत्य एवढेच आहे. ज्याच्या हातून काम सुटलेले नाही त्याला स्वतःची चूक दिसण्याची शक्यता उरते.

मात्र फॅननची पूजा करण्याचे कारण नाही. त्या लेखावर नावे आहेत ती दोन डॉक्टरांची. ज्यांच्या जिभेवरून रुग्णांचा प्रत्येक शब्द त्या दोघांपर्यंत आला, त्या परिचारकांचे नाव त्यावर नाही. शिकण्याचा प्रामाणिकपणा फॅननने दाखवला, पण ज्ञानाची मालकी वरच राहिली. आपल्या समीक्षेने हे त्याच्या खात्यावर लिहिले पाहिजे.

४

हे मी पुस्तकातून शिकलो असे म्हटले तर ते खोटे ठरेल. माझी आई एका सरकारी इस्पितळात आया होती. शेवटची काही वर्षे तिची नेमणूक मनोरुग्णांच्या वॉर्डात होती. आई चौथी शिकलेली. त्या वॉर्डात एक बाई जेवत नसे. ताट समोर आले की हात मांडीवर ठेवून बसून राही. केसपेपरवर रोज एकच नोंद पडे : अन्नास नकार. नळीने अन्न देण्याची गोष्ट निघाली तेव्हा आईने त्या बाईला पंगतीतून उठवले, वाढप्याबरोबर उभे केले, सगळ्यांचे झाल्यावर तिचे ताट वाढले. बाई जेवली. आई घरी आल्यावर म्हणाली, “आरं, सगळ्यांच्या आधी खायाची तिला सवयच न्हाई. जलमभर मागनं खाल्लेली बाई ती.”

ही गोष्ट केसपेपरवर आली नाही. ‘रुग्ण आता अन्न घेते’ एवढेच तिथे आले. ते औषधाच्या बदललेल्या मात्रेखाली लिहिलेले होते. आईला कोणी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. मी रागावलो तर म्हणाली, “सांगून काय, साहेब म्हनतील तू डाक्टर हैस का.” डॉक्टर वाईट नव्हते. पण त्यांची देखरेख ही फरशी पुसली की नाही, चादरी बदलल्या की नाही, एवढ्यापुरती होती. आईच्या कामात रुग्णाविषयीचे ज्ञान असू शकते, हे त्यांच्या पद्धतीच्या बाहेरचे होते. केसपेपर हीदेखील एक संहिता आहे. तिचा लेखक कोण, तिच्यातून कोणाचा आवाज गाळला गेला, हे प्रश्न आपण कादंबरीला विचारतो. केसपेपरला विचारत नाही.

५

इथे एक धोका सांगितला पाहिजे. चिकित्सक आणि देखरेख करणारा एकच असावा असे आपण म्हणतो तेव्हा त्या माणसाच्या हाती दुहेरी सत्ता जाते. मुकादमाकडे केवळ हजेरीपट असतो. या माणसाकडे हजेरीपट असतो आणि मनाचे नाव ठेवण्याची विद्याही असते. हाताखालच्या बाईने तक्रार केली की काम फार आहे, पगार वेळेवर मिळत नाही, अमुक घरात मला उंबऱ्याबाहेर उभे करतात. तर तो तिला सहानुभूतीने म्हणू शकतो की तुझ्यावर ताण आला आहे, तुझा भूतकाळ यात मिसळतो आहे. तक्रार लक्षण होऊन जाते. कर्मचारी रुग्ण होऊन जातो. ज्या समाजाच्या रागाला शतकानुशतके उद्धटपणा म्हटले गेले, त्या समाजातून आलेल्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत हा धोका कल्पनेतला नाही.

दुःख ऐकणाऱ्यालाही कोणीतरी ऐकले पाहिजे, हे खरेच आहे. दिवसभर दुसऱ्यांची वेदना पोटात घेणारी माणसे आतून खचतात. त्यांना आधार देणे हा चांगल्या देखरेखीचा भाग आहे. परंतु आधार कशासाठी? ‘द रेचेड ऑफ द अर्थ’ या १९६१ च्या पुस्तकात वसाहतीतील युद्ध आणि मनोविकार यांवर एक प्रकरण आहे. त्यात एका युरोपीय पोलीस अधिकाऱ्याची हकिगत येते. कैद्यांचा छळ करून करून हा माणूस घरी बायकामुलांना मारू लागला. तो फॅननकडे आला, पण नोकरी सोडायची त्याची इच्छा नव्हती. छळाचे काम मनःशांती न ढळता करता यावे म्हणून त्याला उपचार हवा होता. उदाहरण टोकाचे आहे. पण उपचार हा अन्यायाच्या यंत्राला घातलेले वंगण कसा होऊ शकतो, हे त्याहून स्पष्ट सांगता येणार नाही. कर्मचाऱ्याचा ताण हलका करून त्याला त्याच उतरंडीत पुन्हा उभे करणारी देखरेख या वंगणाहून फार वेगळी नसते. फॅननने १९५६ च्या अखेरीस ब्लिदाचा राजीनामा दिला तो याच जाणिवेतून. माणसाला त्याच्या परिसरात परका न ठेवणे हे जर मनोवैद्यकाचे काम असेल, तर आपल्याच भूमीत कायम परके केलेल्या अरब माणसाला एका वॉर्डात बरे करता येत नाही, असा त्याच्या राजीनामापत्राचा मथितार्थ आहे. जानेवारी १९५७ मध्ये त्याला अल्जेरियातून हद्दपार करण्यात आले.

६

पुढे ट्यूनिसला शार्ल-निकोल रुग्णालयात त्याने दिवसाचा दवाखाना चालवला. रुग्ण सकाळी येत आणि संध्याकाळी घरी जात. त्यामुळे त्याचे घर, गल्ली, नातीगोती तुटत नसत. ज्या परिसरात दुखणे उपजले त्या परिसरासकट रुग्ण दवाखान्यात येई. १९५९ साली शार्ल जेरोनिमी याच्यासह त्याने या प्रयोगाचे गुण आणि मर्यादा मांडल्या. आज आपण ज्याला वस्तीतील मानसिक आरोग्यसेवा म्हणतो तिची बीजे इथे दिसतात. ६ डिसेंबर १९६१ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी, तो वारला.

आपल्याजवळ गोव्यात या प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने पोचलेला एक प्रयोग झाला. संगाथ या संस्थेने मानसशास्त्राचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून तयार केले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम करायला बसवले. उपयोग झाल्याचे निष्कर्ष २०१० नंतर वेळोवेळी प्रसिद्ध झाले. मला महत्त्वाची वाटते ती त्यातील देखरेखीची रीत. समुपदेशक आपल्या बैठकींचे ध्वनिमुद्रण करीत, गटात बसून एकमेकांचे मुद्रण ऐकत, कामाला गुण देत आणि चर्चा करीत. पुरेसा सराव झाल्यावर त्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी मिळतेजुळते ठरतात असे २०१४ च्या अभ्यासात दिसले. याचा अर्थ असा की काम तपासण्याची कुवत वरून खाली उतरते असे नाही. काम करणाऱ्यांतच ती तयार होऊ शकते. गुण देण्याची मापपट्टी मात्र तिथेही संशोधकांनीच आखलेली होती, हे नोंदवून ठेवले पाहिजे. काम तपासण्याचा हक्क खाली आला. काम कशाला म्हणायचे हे ठरवण्याचा हक्क अजून यायचा आहे.

आपल्या जिल्हा कार्यक्रमातला मनोविकारतज्ज्ञ बाह्यरुग्ण विभाग सांभाळतो आणि परिचारिका, समाजसेवक, प्राथमिक केंद्रांचे कर्मचारी यांना शिकवतो, त्यांचे काम पाहतो. म्हणजे दोन्ही कामे त्याच्याकडे आहेतच. प्रश्न एवढाच की तो फॅननच्या १९५३ मध्ये उभा राहणार की १९५४ मध्ये? त्यासाठी काही साध्या गोष्टी कराव्या लागतील. देखरेखीच्या बैठकीत त्याने आधी स्वतःचा फसलेला रुग्ण मांडावा, मग हाताखालच्यांचे विचारावेत. आया आणि आशाताई यांनी सांगितलेली गोष्ट त्यांच्या नावानिशी केसपेपरवर यावी. कर्मचाऱ्याची नोकरीविषयक तक्रार ऐकणारा माणूस आणि त्याच्या मनाचा भार ऐकणारा माणूस वेगवेगळा असावा. यांतल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च लागत नाही. लागते ती उतरंड थोडी मोडण्याची तयारी; आणि ती पैशाहून दुर्मिळ आहे हे आपण जाणतो.

दलित साहित्याने वेदना, नकार आणि विद्रोह यांना मराठीत मानाचे स्थान मिळवून दिले. वेदना बोलली गेली, लिहिली गेली, छापली गेली. ती ऐकून घेणाऱ्याची जात कोणती, त्याचे पद कोणते, त्याच्या कानामागे कोणती पद्धत उभी आहे, हा प्रश्न आपल्या समीक्षेने पुरेसा विचारलेला नाही. फॅननचे वैद्यकीय लेखन वाचायचे ते यासाठी. आई निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली. त्या वॉर्डात तिच्या जागी आज दुसरी कोणी बाई उभी असेल. तिला काय काय ठाऊक आहे, हे कोणीतरी तिला विचारायला हवे, आणि ती सांगेल ते लिहून घ्यायला हवे.